बाबाच्या घरी पहिल्यांदा जाताना: जपानमधल्या वडिलांना भेटण्याची तयारी

मी चार वर्षांची असताना बाबा टोकियोला गेला. २००५ साल. दोन वर्षांचं प्रोजेक्ट होतं. ते लांबत गेलं, मग आईबाबांचा घटस्फोट झाला, आठवड्याचे फोन महिन्यावर गेले आणि शेवटी वाढदिवसापुरते उरले. २०१७ च्या मे महिन्यात, दहावीची परीक्षा देऊन निकालाची वाट बघत असताना, मी एकटी विमानात बसून त्याला भेटायला गेले. सोळा वर्षांची होते. अठरा दिवस राहिले. पुढे जपानी शिकले, आता पुण्यात तेच शिकवते. अधूनमधून एखादी आई वर्ग सुटल्यावर मागे थांबते आणि हळूच विचारते, "माझ्या मुलाला तिकडे त्याच्या वडिलांकडे पाठवायचंय. काय काय सांगू त्याला?"

हे त्या मुलासाठी, त्या मुलीसाठी आहे. म्हणून तुझ्याशीच बोलते.

मी सगळी तयारी केली होती ती बाबाला भेटण्याची. वहीत प्रश्न लिहिले होते, सत्तावीस. पहिले आठ दिवस त्यातला एकही विचारता आला नाही, कारण सुरुवातीला मला बाबा भेटलाच नाही, भेटलं ते त्याचं घर. दाराशी काढायच्या चपला, न्हाणीघर, कचऱ्याच्या पिशव्या, जेवणाआधी म्हणायचे शब्द. एवढ्या वर्षांनी भेटणाऱ्या माणसाशी काय बोलायचं हे आधी ठरवून जमत नाही. त्याच्या घरात कसं वावरायचं हे मात्र शिकून जाता येतं. ते शिकलं की हातांना काम मिळतं, आणि हात कामात असले की तोंड आपोआप उघडतं. माझं तसंच झालं.

कागद आधी, आणि कागद स्वतः वाच

पासपोर्ट नसेल तर तिथून सुरुवात. १८ वर्षांखालच्यांच्या अर्जाला दोन्ही पालकांची संमती असेल तर अ‍ॅनेक्श्चर डी हे घोषणापत्र लागतं, एकाचीच असेल तर अ‍ॅनेक्श्चर सी. ताबा आईकडे असेल तर कोर्टाच्या हुकमाची प्रत शोधून ठेवायला सांग. आमच्याकडे ती जुन्या बँकेच्या पासबुकांखाली निघाली आणि ती शोधण्यात आईचे दोन रविवार गेले.

व्हिसा नातेवाइकांना भेटण्याचा घ्यायचा असेल तर निम्मे कागद बाबाने तिकडून पाठवायचे असतात: बोलावण्याचं कारण सांगणारं पत्र, हमीपत्र, तू कुठल्या दिवशी कुठे असशील याचा तक्ता, त्याच्या उत्पन्नाचा दाखला. त्यासोबत जुमिनह्यो म्हणजे त्याच्या वॉर्ड ऑफिसचा रहिवासी दाखला. या दाखल्यावर घरातल्या सगळ्यांची नावं असू शकतात. मला धाकटा भाऊ आहे हे मला या कागदावरून कळलं. बाबाने पुन्हा लग्न केलंय एवढं माहीत होतं. त्या कागदावर चौकटींच्या तीन ओळी होत्या, आणि तिसऱ्या ओळीतली जन्मतारीख २०१० ची होती. व्हिसा केंद्राच्या रांगेत, हातात टोकन धरून, मी ती तारीख तीन वेळा वाचली.

तुझ्या बाबतीत असं होऊ देऊ नकोस. फाईल तयार व्हायच्या आधीच सरळ विचार: "त्या घरात कोण कोण आहे?" बाबाला विचार, नाहीतर आईला. ते कचरतील. तरी विचार.

पुढचं तुझ्या आईला वाचायला दे. "परत पाठवलंच नाही तर?" ही भीती तिच्या मनात असणार, आणि ती खुळी नाही. पालकाने देशाबाहेर नेलेलं मूल परत आणण्यासाठी १९८० चा हेग करार आहे. जपान त्यात २०१४ पासून आहे, भारत त्यात नाही. शिवाय तो करार १६ वर्षांखालच्या मुलांपुरताच आहे. म्हणून जायची तारीख, परतीची तारीख, तिकीट कोण काढणार, पासपोर्ट कोणाजवळ राहणार, हे सगळं वकिलाला विचारून लेखी करून घ्यायचं. माझ्या आईने घेतलं. बाबाने सही केली, वाईट वाटून घेतलं नाही. पासपोर्ट अठरा दिवस माझ्याजवळच होता. तो माझ्याजवळ असणं तसंही गरजेचं होतं: १६ वर्षं पूर्ण झालेल्या पाहुण्याने जपानमध्ये पासपोर्ट कायम अंगावर बाळगावा असा कायदाच आहे.

फोनवरच ठरवून टाक

"तू" की "तुम्ही"? तुला वाटेल ही किती क्षुल्लक गोष्ट. चार वर्षांची असताना मी त्याला "ए बाबा" म्हणायचे. सोळाव्या वर्षी फोनवर तोंडातून आपोआप "तुम्ही" निघालं, आणि पलीकडे तो एकदम गप्प झाला. पुढचे तीन फोन मी दोन्ही शब्द टाळून बोलले. "जेवण झालं का?" "ऑफिस कसं आहे?" मराठीत कर्ता गाळून किती वेळ बोलता येतं ते मला तेव्हा कळलं. शेवटी मीच विचारलं, "मी तुला तू म्हणू का?" तो म्हणाला, "म्हण ना." त्या दोन शब्दांनी पुढचं बरंच सोपं झालं. तुला "तुम्ही"च बरं वाटत असेल तर तेच म्हण, पण टाळाटाळ करत विमानात बसू नकोस.

त्याच्या बायकोला काय म्हणायचं? नावापुढे "सान" लाव. संपलं. "आई" म्हणायची सक्ती कोणी करत नाही आणि "काकू"चा अर्थ तिला कळणार नाही. "सान"मध्ये मान आहे आणि अंतरही आहे, दोन्ही तुला लागणारच आहेत. लहान भावंड असेल तर ते तुला "ओनेचान" म्हणजे ताई किंवा "ओनीचान" म्हणजे दादा म्हणेल. ते पहिल्यांदा ऐकताना मला मुळीच गोड वाटलं नव्हतं, हे इथे लिहून ठेवते. तुला तेव्हा काहीही वाटलं तरी चालेल.

बाबाला सुट्टी किती दिवस आहे ते विचार. "घेतो मी सुट्टी" यावर थांबू नकोस, तारखा माग. माझ्या अठरा दिवसांत त्याला सलग सुट्टी चारच दिवस होती. जपानमध्ये शाळेचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं, म्हणजे आपल्या मे महिन्याच्या सुट्टीत तिकडे शाळा चालू. एप्रिलअखेरीपासून मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत सलग सरकारी सुट्ट्या येतात, त्याला गोल्डन वीक म्हणतात. त्या वेळी बाबा मोकळा असेल पण सगळा देशही बाहेर पडलेला असेल. जूनमध्ये टोकियोत पावसाळा लागतो. मधले मेचे दोन-तीन आठवडे हवेच्या दृष्टीने सगळ्यात छान, फक्त दिवसभर तू घरात त्याच्या बायकोबरोबर असशील हे धरून चाल.

आणि शाकाहारी असशील तर "मी व्हेज" एवढ्याने भागत नाही. मिसो सूपपासून भाजीच्या रश्श्यापर्यंत बहुतेक सगळ्यात "दाशी" असते, म्हणजे चवीसाठी उकळून काढलेला अर्क, आणि ती बहुधा माशाची. हे फोनवर नीट सांग, म्हणजे पहिल्याच जेवणात तिने मन लावून केलेलं ताट परत सारायची वेळ येणार नाही.

विमान आणि विमानतळ

मुंबईहून साधारण आठ तास. तिकडचं घड्याळ साडेतीन तास पुढे. बारा वर्षांवरच्या मुलांना बऱ्याच विमान कंपन्या मोठ्यांसारखंच एकटं जाऊ देतात. सोबतीला कर्मचारी हवा असेल तर तिकीट काढतानाच विचारायचं. १६ पूर्ण असतील तर इमिग्रेशनला बोटांचे ठसे आणि फोटो घेतात, त्याने घाबरू नकोस.

आंबे नेऊ नकोस. मी नेले होते, हापूस, एक डझन, आजीने एकेक कागदात गुंडाळून दिलेले. भारतातला आंबा जपानमध्ये २००६ पासून जातो, पण वाफेची प्रक्रिया आणि तपासणी होऊन, व्यापाऱ्यांमार्फत. बॅगेतून नेलेले ताजे फळ तपासणीच्या दाखल्याशिवाय आत जात नाही. नारिता विमानतळावर, क्वारंटाइनच्या टेबलावर त्या बाईंनी बाराही आंबे फार हलक्या हाताने बाहेर काढले, मला फॉर्म दिला आणि वाकून दिलगिरी व्यक्त केली. मी रडले, आंब्यांसाठी कमी आणि आता रिकाम्या हाताने जायचं म्हणून जास्त. मटणाचे, चिकनचे पदार्थही नेता येत नाहीत. दुकानातला सीलबंद गोडा मसाला ने. बाबा तो वासानेच ओळखेल.

भेट दोन्ही हातांनी दे, आणि त्यांनी ती तुझ्यासमोर उघडली नाही तर मनाला लावून घेऊ नकोस. तिकडे तीच रीत आहे.

दार

इथे मी जरा थांबणार आहे, कारण माझे तीन दिवस इथे वाया गेले.

जपानी घरात दार उघडलं की आधी एक खालची, फरशीची जागा असते: गेनकान. तिथे चपला-बूट काढायचे आणि एक पायरी वर चढून घरात जायचं. बाबाचा फ्लॅट निशी-कासाईला होता. एदोगावा वॉर्डातला हा भाग. बरेच भारतीय, त्यातले कितीतरी आयटीवाले, तिथे राहतात. तर दार उघडलं, मी बूट काढले, कसेतरी, टाचेने टाच दाबून, आणि वर चढले. मागे वळून बघते तर बाबा खाली वाकलेला. त्याने माझे बूट उचलले, फिरवले आणि पुढचं टोक दाराकडे करून नीट जोडून ठेवले.

दाराकडे. घरात येऊन मला एक मिनिटही झालं नव्हतं.

मी काही बोलले नाही. मनात मात्र पक्कं बसलं की हा मला जायची दिशा दाखवतोय. त्या रात्री नव्या गादीवर पडून मी तेच बूट बघत होते. खोलीच्या दारातून ते दिसायचे. तीन दिवस मी हो-नाहीच्या पलीकडे बोलले नाही.

चौथ्या दिवशी त्याच्या बायकोची आई आली. म्हातारी बाई, पाठीत वाकलेली. तिने बूट काढले, आणि माझ्या डोळ्यांदेखत तिच्या मुलीने गुडघ्यावर बसून ते तसेच फिरवले, टोक दाराकडे, दोन्ही हातांनी, अगदी देवघरातल्या वस्तूला हात लावावा तसे. मी बाबाला मराठीत विचारलं, "असं का करतात?" तो म्हणाला, "निघताना पाय सरळ आत जावा म्हणून. येणाऱ्याची कदर करायची पद्धत आहे ती. खरं तर येणाऱ्यानेच फिरवायचे असतात. तुला माहीत नव्हतं म्हणून मी फिरवले." आणि मग, जरा वेळाने, "तुला काय वाटलं?"

मी सांगितलं. त्याचा चेहरा पडला. अठरा दिवसांतलं आमचं पहिलं खरं बोलणं ते.

तेव्हा तू असं कर. बूट काढ, वर चढ, मग खाली वाकून स्वतःच ते फिरवून बाजूला ठेव. आत शिरताना "ओजामाशिमासु" म्हण. शब्दशः "तुम्हाला अडचण करते आहे" असा काहीसा अर्थ, पाहुण्याने म्हणायचा. घरचा माणूस बाहेरून आला की "तादाइमा" म्हणतो, आलो असं, आणि आतले "ओकाएरी" म्हणतात. पहिल्या दिवशी "तादाइमा" म्हणायची घाई करू नकोस. मी कोपऱ्यावरच्या दुकानातून आले तरी रोज "ओजामाशिमासु" म्हणायचे. नवव्या दिवशी धाकट्याने मला दारात अडवलं आणि मास्तरासारखं बोट उगारून म्हणाला, "तादाइमा दायो." तादाइमा म्हणायचं असतं.

काहीही खुपलं, वागण्याचं, हातवाऱ्याचं, न बोलण्याचं, तर त्याच दिवशी विचार: "हे असं का करतात?" "तू असं का केलंस" असं विचारू नकोस. "का करतात" या प्रश्नाला बाबाला उत्तर देता येतं. तिथे राहून राहून तोही हे सगळं असंच कोणाला तरी विचारून शिकलेला असतो.

न्हाणीघर, स्लिपर, ताट

आंघोळ टबाच्या बाहेर करायची. साबण, शांपू, सगळं बाहेर, छोट्या स्टुलावर बसून. अंग स्वच्छ धुऊन झालं की मग गरम पाण्याच्या टबात बसायचं. तेच पाणी घरातले सगळे पाळीपाळीने वापरतात. पाहुण्याला पहिला मान असतो. मी पहिला मान घेतला आणि निघताना बूच काढून टाकलं. कोणीच काही म्हटलं नाही. रात्री उशिरा पुन्हा टब भरल्याचा आवाज आला तेव्हा मला कळलं. बूच काढू नकोस, झाकण ठेव.

संडासाच्या स्लिपर वेगळ्या, त्या तिथेच राहतात. तातामीच्या, म्हणजे चटईच्या खोलीत कुठल्याच स्लिपर नाहीत. भाताच्या वाटीत जेवायच्या काड्या उभ्या खोचू नकोस. मेलेल्या माणसाला नैवेद्य तसा दाखवतात. जेवणाआधी हात जोडून "इतादाकिमासु", आपल्या वदनी कवळसारखं, फक्त एका शब्दाचं. जेवण झाल्यावर "गोचिसोसामा". हे दोन शब्द म्हटले की स्वयंपाक करणारीचा चेहरा बदलतो, आणि तुला तिची भाषा येत नसताना एवढं खूप आहे.

कामात हात घाल

सगळ्यात उपयोगी पडलं ते दुधाचं खोकं.

जपानमध्ये कचरा प्रकाराप्रमाणे आणि वाराप्रमाणे वेगळा काढतात. जळणारा अमुक वारी, बाटल्या-डबे तमुक वारी, तेही सकाळी आठच्या आत. प्लास्टिकच्या बाटलीचं झाकण आणि वरचं लेबल वेगळं. दुधाचं कागदी खोकं धुवायचं, कात्रीने उभं कापून सपाट उघडायचं, वाळवायचं आणि गठ्ठा करायचा. हे काम बाबाकडे होतं. पाचव्या रात्री तो सिंकपाशी उभा राहून खोकं कापत होता, तर मी दुसरी कात्री घेतली. खोक्याचा तळ चिवट असतो, तिथे कात्री अडते. त्याने माझा हात धरून कोपऱ्यातून कशी घालायची ते दाखवलं. बारा वर्षांनी त्याने माझा हात धरला तो असा, ओला, दुधाच्या वासाचा.

मग रोज रात्री खोकी. एकमेकांकडे बघावं लागत नव्हतं. तो त्याच्या पहिल्या वर्षाचं सांगायचा, जपानी येत नव्हतं तेव्हाचं. मी आजीचं सांगायचे. मधेमधे तो "उन, उन" करायचा आणि मला वाटायचं याला कंटाळा आलाय, लवकर संपव म्हणतोय. तसं नव्हतं. जपानीत समोरचा बोलताना सतत असा हुंकार द्यायचा असतो, नाहीतर ऐकत नाही असं वाटतं. त्याला मराठी बोलतानाही तीच सवय लागली होती. उलट मी गप्प राहून ऐकायचे तेव्हा त्याला वाटायचं मी रागावले आहे.

त्याचं मराठी २००५ चं होतं, हेही सांगते. आमच्या पिढीचे शब्द त्याला कळायचे नाहीत आणि त्याच्या मनातली मी अजून चार वर्षांची होते. पहिल्या दिवशी त्याने माझ्यासाठी आणलेला टॉवेल सशाचा होता. तो टॉवेल वापर. दुसरा माग, पण तोही वापर.

त्याच्या बायकोबरोबर दिवस काढताना हेच सूत्र. कपडे वाळत घालायला उभी राहा, उभा राहा. भाषांतराचं अ‍ॅप प्रश्नोत्तरांसाठी बरं, पण कपड्यांना चिमटे लावताना त्याची गरज पडत नाही. तिने माझ्या आईबद्दल एक शब्द विचारला नाही, तिच्या आईनेही नाही. मला ते फार लागलं होतं, जणू माझी आई नाहीच. नंतर समजलं की तिकडे घटस्फोटानंतर मुलांवरचा हक्क कायद्यानेच एका पालकाकडे जायचा आणि दुसऱ्याचा संबंध कितीतरी घरांत सुटून जायचा. त्यामुळे हा विषय कोणी काढत नाही. हा कायदा २०२४ मध्ये बदलला आणि १ एप्रिल २०२६ पासून दोघांकडे हक्क राहण्याची सोय झाली. तिच्या न विचारण्यात माझ्या आईचा अपमान नव्हता. मीच एकदा मोबाइलवर आईचा फोटो दाखवला. तिने फोन दोन्ही हातांत घेतला आणि खूप वेळ बघितला.

तो प्रश्न

"तू का गेलास? फोन का थांबवलेस?" हा प्रश्न तुझ्याकडे आहेच. तो विचारायचा तुला पूर्ण हक्क आहे. फक्त पहिल्या आठवड्यात नको, जेवणाच्या टेबलावर नको, ट्रेनमध्ये तर नकोच. तिकडे ट्रेनमध्ये लोक फोनवरही बोलत नाहीत, आणि उत्तर ऐकून तुला रडू आलं तर डबाभर शांततेत ते दाबून धरावं लागेल.

अशी जागा निवड जिथे दोघंच असाल, शेजारी-शेजारी बसता येईल, आणि जिची वेळ ठरलेली असेल. मी कासाई रिन्काई पार्कातला मोठा पाळणा निवडला. ११७ मीटर उंच, एक फेरी सुमारे १७ मिनिटांची. उतरता येत नाही आणि अडकूनही राहत नाही. वर जाताना विचारलं. तो पाच मिनिटं काही बोलला नाही. समुद्र दिसायला लागला तेव्हा म्हणाला, "मी फोन केला की तू रडायचीस. मग मी आठवड्याने करायला लागलो. मग तू रडायची थांबलीस, आणि मला त्याचीच भीती वाटली. नंतर इतके दिवस गेले की लाज वाटायला लागली."

हे उत्तर मला पुरेसं वाटलं नाही. आजही पूर्ण वाटत नाही. पण ते खरं होतं एवढं कळलं. तुला कदाचित याहून वाईट उत्तर मिळेल, किंवा मिळणारच नाही. मिळालं नाही तर पुन्हा पुन्हा खोदू नकोस. एवढंच सांग: "मला हे कळायला हवं आहे. तुला जमेल तेव्हा लिहून पाठव." बोलता न येणारी बरीच माणसं लिहू शकतात.

परतीची दोरी हातात ठेव

परतीचं तिकीट तुझ्या नावावर, तुझ्या फोनमध्ये आणि कागदावरही. दहा हजार येनची एक नोट पासपोर्टच्या कव्हरमध्ये, कुठल्याही कारणाने मोडायची नाही. बाबाचा पत्ता जपानी लिपीत लिहिलेली चिठ्ठी. रस्ता चुकलास, चुकलीस, तर कोबान शोध, म्हणजे छोटी पोलीस चौकी. पत्ता दाखवला की ते नकाशा काढून समजावतात. मी एका संध्याकाळी चिडून एकटीच बाहेर पडले होते, अशाच चौकीतून परत आले. रात्री मात्र बाहेर पडू नकोस. टोकियोत रात्री ११ ते पहाटे ४ या वेळेत १८ वर्षांखालच्या मुलांना एकटं फिरायला नियमाने मनाई आहे.

पोलीस ११०, अ‍ॅम्ब्युलन्स आणि आग ११९. घरात कोणी मारलं, अंगाला हात लावला, कोंडून ठेवलं, तर मुलांसाठीचा नंबर १८९. टोकियोतल्या भारतीय दूतावासाचा नंबरही फोनमध्ये ठेव. भूकंपाचा इशारा आला तर फोन भयंकर आवाज करतो. टेबलाखाली शिर आणि घरातले सांगतील ते कर.

आईबरोबर एक सांकेतिक वाक्य ठरव. आमचं होतं, "आजीने गोळी घेतली का?" मी हे विचारलं की आईने काही न विचारता तिकीट अलीकडचं करायचं. मी ते कधी वापरलं नाही, पण तिसऱ्या दिवशी ओठांवर आलं होतं.

आईशी फोन रोज कर, तिकडे रात्री नऊ म्हणजे इकडे साडेपाच. तिला आधीच विनंती कर की "तो काय म्हणाला" असं विचारू नकोस, "तू काय जेवलीस" असं विचार. माझ्या आईला हे फार जड गेलं. तरी तिने पाळलं. बाबाबद्दल काही चांगलं वाटलं तर ते आईपासून लपवू नकोस, आणि तिला बरं वाटावं म्हणून त्याला वाईटही ठरवू नकोस.

निघायच्या आदल्या रात्री बाबाबरोबर पुढच्या फोनचा वार आणि वेळ ठरव. "करू फोन" यावर निरोप घेऊ नकोस. आमचा रविवार ठरला, त्याचे रात्रीचे साडेआठ, आपले पाच. पहिल्या महिन्यात त्याने एक रविवार चुकवला, तेव्हा मी केला.

बॅग भरताना त्या घरातल्या तुझ्या स्लिपर मात्र भरू नकोस. गेनकानच्या वरच्या पायरीवर, इतरांच्या शेजारी ठेवून ये.